डाव्या बाजूचा बोल्ट

बोल्ट डाव्या बाजूला होता. जैरोसने रायफल खांद्याला लावली, डाव्या हाताने बोल्ट उचलून मागे ओढला, पुढे ढकलला आणि चाप दाबला. रिकामी रायफल खट्ट वाजली. त्याचा गाल दस्त्यावरून हललासुद्धा नाही.

"बघितलंत?" म्हातारा दुकानदार पर्सी काउंटरपलीकडून म्हणाला. "नजर जागची हलली नाही. आता पुन्हा."

त्याचं 'पुन्हा' पुरं व्हायच्या आत दुसऱ्यांदा खट्ट वाजलं होतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर जैरोसची बायको, नेत्सायची आई, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बसमध्ये उभं राहून पाय सुजले होते. तिने डोळे मिटून घेतले. हा आवाज ऐकायला ती झांबेझीच्या खोऱ्यातून थेट हरारेला आली होती.

जैरोस कौन्सिलचा राखणदार. मका तयार झाला की हत्ती शेतात उतरत आणि लोक त्याला बोलवायला धावत. नियम सोपा होता. पहिली गोळी जमिनीत, भीती घालायला. हत्ती मागे फिरला नाही तर दुसरी कपाळात. कौन्सिलची रायफल मात्र उजव्या हाताच्या माणसासाठी केलेली, बोल्ट उजवीकडे असलेली होती आणि जैरोस डावखुरा. पहिली गोळी झाडली की दुसरी भरायला त्याला रायफल खांद्यावरून उतरवावी लागे, डावा हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढावा लागे, मग पुन्हा खांद्याला लावायची. गेल्या सुगीत तेवढ्या वेळात एक सुळेवाला सरळ अंगावर आला. सोंडेच्या एका फटक्याने जैरोसच्या बरगड्या मोडल्या. सोबतच्या राखणदाराने हत्तीला पाडलं, म्हणून तो वाचला.

त्यानंतर नेत्सायची आई कौन्सिलच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागली. जुने साहेब गेले, नवे आले. ती बसतच राहिली. शेवटी कौन्सिल कंटाळलं. जैरोसने स्वतः हरारेला जावं आणि हाताला बसेल ती रायफल निवडावी, असं ठरलं.

"नळी तीनशे पंच्याहत्तरची आहे," पर्सी सांगत होता. "याहून जाड नळीची घेतलीत तर मोडक्या बरगड्यांना धक्का सोसायचा नाही. बारीक घेतलीत तर हत्तीला पुरायची नाही. ही मधली बरी. आणि डाव्या बोल्टची आमच्याकडे वर्षात एखादीच येते, सांगून ठेवतो."

"घ्या की मग," नेत्सायची आई म्हणाली. "सासूबाईंनी लहानपणी किती बडवलं यांना, डाव्या हाताने मक्याचा सड्झा खातात म्हणून! हात काही सुधारला नाही. आता रायफल तरी सुधारून घ्या."

पर्सी हसला. जैरोसने रायफल काउंटरवर ठेवली.

"याच नळीची उजव्या बोल्टची आहे?"

"ढिगाने आहेत. का?"

"दाखवा."

पर्सीने भिंतीवरून एक काढून दिली. जैरोसने ती खांद्याला लावून चाप दाबला. मग खाली घेतली, डावा हात वरून पलीकडे नेला, बोल्ट ओढला, पुन्हा वर घेतली. बरगडीत कळ आली तसे त्याचे ओठ घट्ट मिटले.

"ही द्या," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुमचं, समन्यांगा?"

हत्ती हे जैरोसचं देवक. त्याच्या घरात हत्तीचं मांस शिजत नसे. समन्यांगा म्हणजे सुळ्यांचा धनी. या नावाने बायको त्याला फक्त भांडताना हाक मारी.

"पाण्यावर बायका काय बोलतात, ठाऊक आहे? म्हणतात, शेजारच्या वॉर्डात हत्ती पडतो, मटणाचे वाटे होतात, आणि आमच्या जैरोसचा नुसताच आवाज! डावरा म्हणून हसतात तुम्हाला. मी उलटून बोलत नाही. म्हणते, हसा बायांनो, माझा माणूस घरी येऊ दे म्हणजे झालं. आणि तुम्ही पुन्हा तेच लाकूड उचलताय?"

पर्सी उगाचच काउंटर पुसू लागला.

उजव्या बोल्टची रायफल घेऊन जैरोस तिच्याशेजारी एका खोक्यावर बसला. बसायला त्याला वेळ लागला.

"त्या डाव्या रायफलीचा चाप मी आत्ता दोनदा दाबला," तो म्हणाला. "मधे काही मनातच आलं नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"मागे लोक डबे बडवत असतात. मार, मार म्हणून ओरडत असतात. त्यात गाल दस्त्यावरच राहिला, बोट चापावरच राहिलं, तर हात थांबायचा नाही गं." त्याने मांडीवरच्या रायफलीकडे बघितलं. "ही खाली घ्यावी लागते. मग मान वर करून बघतो, तर हत्ती पाठमोरा झालेला असतो. निघालेला असतो."

तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. बाहेर भाड्याच्या गाडीचा पोऱ्या गावांची नावं ओरडत होता.

"गेल्या सुगीतला नव्हता झाला पाठमोरा," ती म्हणाली. आवाजातली धार गेली होती, नुसता थकवा उरला होता. "तुमच्या बरगड्या मी बांधल्यात. तो नव्हता फिरला."

"नाही," जैरोस म्हणाला. "न फिरलेला तो एकटाच."