गुरुजींचं कुलूप

भैरोबापुढे बेलभंडारा ठेवला होता आणि तो उचलून शपथ घ्यायला अख्खं गाव देवळात रांग लावून उभं होतं. कारण एवढंच, की नव्याने बदलून आलेल्या ढवळे गुरुजींनी त्या दिवशी शाळेत जाताना घराला कुलूप लावलं होतं.

भैरोबा राखण करतो, या श्रद्धेपायी त्या गावात कुणीच कुलूप लावत नसे. गुरुजी त्या अडाणीपणाला मनातल्या मनात हसायचे.

“अहो, माझं काहीच चोरीला गेलेलं नाही!” ते आता काकुळतीला येऊन सांगत होते.

“मग कुलूप कशापायी?” सरपंच म्हणाले. “संशय आल्याबिगर कोण लावंल?”

रांग पुढे सरकू लागली.

सगळ्यांत शेवटी शेजारच्या ठकूबाई आल्या. गुरुजींच्या रिकाम्या घरात रोज दुधाचा तांब्या ठेवून जायच्या त्या. त्यांनी बेलभंडारा उचलला. “देवा, मी दूध ठेवायलाच जात हुते. दुसऱ्या कशाला हात लावला असंल, तर झडू देत हे हात.”

गुरुजींची मान वर होईना. ठकूबाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “गुरुजी, उद्या दूध कुठं ठेवू?”