घरटी एक लाकूड

होळीला पोरांच्या गळ्यात-हातात घालायचे साखरेचे हार-कंगन अमळनेरच्या त्या गल्लीत दरसाल खाजाभाईंकडूनच जायचे. तीन पिढ्यांचा पाक मुरलेले त्यांचे सागवानी साचे सगळ्यांच्या ओळखीचे.

यंदा होळी मंडळाचा प्रेमराज दारात येऊन म्हणाला, "खाजाभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. देवाचं काम आहे. हार यंदापासून आपल्यातल्याच माणसाकडून घ्यायचे, असं ठरलंय सगळ्यांचं."

आत खाजाभाईंच्या बायकोने, मेहरुनने, पाकाची कढई चुलीवरून उतरवली.

होळीच्या दुपारी तोच प्रेमराज हातगाडी घेऊन पुन्हा दारात उभा. "भाऊ, होळीचं लाकूड? घरटी एक द्यावंच लागतं. तुमच्या अब्बांनी कधी रीत मोडली नाही."

खाजाभाई आत गेले आणि साचे आणून एकेक करून गाडीवर ठेवले. प्रेमराजने ते पाहिले, क्षणभर घुटमळला, आणि गाडी ढकलत पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी होळी पेटली. पाण्याची धार धरून फेऱ्या घालताना शेजारच्या वच्छलाबाई मध्येच थांबल्या आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.



"यंदा होळीना वास कितला गोड ई राहिना वं माय!"