सापडलेला लालसू

“ताई, हा फोटो चालणार नाही. मुलगा चिडलेला दिसतोय,” पुण्यात ऑनलाइन मोहिमा चालवणारा तरुण म्हणाला.

“आधार कार्डावरचा आहे. तुमच्या कार्डावरचा काढा बघू,” जैनी म्हणाली. तिच्या धाकट्या भावाला, लालसूला, नक्षलवाद्यांनी आश्रमशाळेच्या वाटेवरून उचलून हाती बंदूक दिली होती. चेहरा ओळखून कुणीतरी कळवेल, या आशेवर ती गडचिरोलीहून आली होती. दुसरा फोटो नव्हता.

सकाळी ‘लालसूला न्याय’ मोहीम सुरू झाली. फोटोत बिस्किटांच्या जाहिरातीतला गोबरा मुलगा होता, डोळ्यांत ग्लिसरीन. “प्रतीकात्मक आहे, ताई. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय.” ती अक्षरं कुणी वाचली नाहीत. फोटो मात्र सोसायट्यांच्या, योगवर्गांच्या, साडीविक्रीच्या ग्रुपवर पोचला.

रविवारी जागरूक नागरिकांना लालसू कोथरूडच्या बेकरीत सापडला. तेच गोबरे गाल फुगवून पॅटिस खात होता. त्यांनी त्याची सुटका केली, हार घातला आणि सोबतच्या आईला नक्षलवादी म्हणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. मोहिमेच्या पानावर ‘न्याय मिळाला’ झळकलं. लाखोंनी हात जोडले.

जैनी फोनवर ओरडली, तेव्हा तरुण समजुतीने म्हणाला, “ताई, आता परत हरवला म्हटलं तर लोक चिडतील.”

“चिडू देत की. मी एकटीच किती चिडू?”

ती गावाकडच्या पोलीस चौकीत गेली, आधारचा फोटो टेबलावर ठेवला. हवालदाराने आधी मोबाइल पाहिला, मग फोटो.

“तुमचा भाऊ सापडला ना, बाई. पेढे द्यायचे सोडून हा कुणाचा पोरगा आणलात?”