पुन्हा तेच बेट

भीमसेनच्या बँकेची एलटीसी, म्हणजे फिरायला जायची सवलत, दुसऱ्यांदा मिळाली, तेव्हाही वत्सलानं अंदमानच मागितलं. सासूबाईंनी हातमागावरून मान वर केली. "पाण्यात बुडी मारायला इतक्या लांब? आमच्या वडगावच्या विहिरी आटल्यात व्हय गं?"

वत्सलाच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. तीन वर्षांच्या उमाला दमा होता. रात्ररात्र पोरीच्या छातीची घरघर ऐकत ती पडून राहायची. घरघर वाढली की दचकून उठायची, आणि थांबली की त्याहून जास्त दचकायची.

बेटावर पोचल्यावर होडीत तिनं उमाला नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि औषधाची बाटली त्याच्या खिशात कोंबली.

"छातीवर हात ठेवून बसा. काढू नका."

"अगं जा की आता! मीबी बापच हाय तिचा."

पाठीवर हवेचं नळकांडं बांधून ती पाणबुड्याबरोबर खाली गेली. वर आली तेव्हा आधी तिनं पोरीकडं बघितलं. उमा गाढ झोपली होती, भीमसेनचा हात जागच्या जागी होता.

"मासे बघितलेस? पोवळी?" त्यानं विचारलं.

"नाही. डोळे मिटून होते."

"आँ? त्यासाठी जहाजात तीन दिवस ओकत आलीस? डोळे काय घरात मिटत न्हाईत?"

"मिटतात हो," ओले केस पिळत ती म्हणाली, "पण खाली फक्त माझाच श्वास ऐकू येतो."