बुरजावरचा माणूस

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचं सबंध वर्ष कौसल्येनं अमरावतीच्या वाचनालयातल्या कादंबऱ्या बापाला वाचून दाखवल्या, कधी ऐतिहासिक, कधी रहस्यमय. देवमनला अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येक कादंबरीत त्याच्याच समाजातला एक माणूस भेटायचा. तो एकटा बुरूज लढवायचा, नाहीतर फौजदाराच्या आधी खुनी ओळखायचा. “आपलाच माणूस हाये तो!” देवमन कापसाच्या जिनिंग कारखान्यात सांगत सुटायचा. त्या माणसाबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं म्हणून तो गुपचूप प्रौढवर्गात बाराखडी शिकला. आज लेक विहिरीवर गेल्यावर त्यानं बुरजाचं पान बोट ठेवून वाचलं. बुरजावर नुसता सरदार होता. पुन्हा वाचलं. आपला माणूस आधीच्या पानावर, वेशीबाहेर सापडला: मेलेलं घोडं ओढताना. बुरजावर त्याला लेकीनं चढवलं होतं. लेक येताच त्यानं पुस्तक उलटं धरलं. “बाबा, उलटं हाये ते!” ती हसली. “मले काय समजते? बुरजावरलं वाच नं, आपल्या माणसापासून.”