नात्याचा रकाना

रोह्याच्या काउंटरवरून साईराजचा फोन आला, तेव्हा अनिता पेणच्या ऑफिसात नुकताच डबा उघडून बसली होती. फॉर्म पुढे जात नाही, म्हणाला.

हॉस्पिटलच्या पेण आणि रोहा अशा दोन्ही शाखांत त्याच आठवड्यात कागद बंद होऊन कॉम्प्युटरवरचे फॉर्म सुरू झाले होते. ते बसवले होते अनिताने. एक नमुना नीट बांधून टेम्प्लेट म्हणून ठेवला, की दोन्हीकडे प्रत्येक पेशंटसाठी तोच उघडायचा. तिला त्याचा अभिमान होता, त्यातही नात्याच्या रकान्याचा. कागदावर लोक तिथे काहीही लिहीत. मालक, घरचे, आमची बाय. नाहीतर रिकामाच सोडून देत. आता तिथे लिहायची सोयच नव्हती. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, यातलं एक निवडायचं. त्याशिवाय फॉर्म हलत नसे.

आज तो हलत नव्हता. लीया रोहेकर नावाच्या, इथल्या ज्यू समाजातल्या सत्तरीच्या बाई मोरीत घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडांचे डॉक्टर आज रोह्यात होते, पण दुपारनंतर ते अलिबागला निघायचे, ते एकदम पुढच्या आठवड्यात परत. फॉर्म पुढे गेला तरच ऑपरेशन लागणार होतं. लीयाबाईंनी स्वतःची सही केली होती. अडलं होतं ते सोबतच्या माणसाच्या नात्यापाशी.

सोबत शेजारच्या बायजाबाई मोकल आल्या होत्या. बाकी इथे कोणी नाही, साईराज सांगत होता. लीयाबाईंचा नवरा वारलाय. मुलगा, भावंडं, सगळी माणसं कधीच इस्रायलला गेली. मुलाला फोन लागला होता. बायजामावशी सांगेल तसं करा, म्हणाला. पण त्याचा नंबरही फॉर्म घेत नव्हता. रकाना दहाच आकड्यांचा, आणि तिकडचा नंबर लांबलचक.

"मॅडम, मी बहीण टाकतो," साईराज म्हणाला. "कोण बघतंय?"

अनिता हो म्हणणारच होती. तेवढ्यात फोनमध्ये त्याच्या मागून एका बाईमाणसाचा आवाज आला. मोठा नव्हता.

"बहीण नको लिवू रं. तिची बहीण हाय तिकडं, जिती हाय. तिच्या जागेवर मी कशी बसू?"

अनिताने त्याला थांबायला सांगितलं आणि जितेश सरांना फोन लावला. दोन्ही शाखांचा कारभार तेच बघत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आजच्यापुरती बहीण टाका आणि मोकळे व्हा, म्हणाले. टेम्प्लेटमधला बदल दोन्हीकडे लागतो, तो मीटिंगमध्ये ठरवायचा. एका पेशंटसाठी नमुना बदलायला लागलो तर नमुना कशाला म्हणायचं?

ते चुकीचं बोलत नव्हते. काउंटरवरच्या पोरापोरींना शिकवताना अनिताने अगदी हेच सांगितलं होतं.

तिने टेम्प्लेट उघडलं आणि यादीच्या शेवटी 'शेजारी' असं वाढवलं. सेव्ह करायला गेलेला हात मात्र थांबला. परवा जिते गावच्या एका म्हातारबाबांना रिक्षावाल्याने आणून सोडलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी एका कामवालीने मालकिणीला आणलं, आणि इथल्या काउंटरवरच्या पोरीने नात्यात 'मुलगी' टाकून तिला मोकळी केली. म्हणजे फॉर्म पुढे जात होते ते असे. अजून किती नावं वाढवणार? ही यादी पुरायची नव्हती.

तिने यादीच काढून टाकली. रकाना उघडा ठेवला. येणारा माणूस सांगेल ते लिहायचं. नंबरावरची दहा आकड्यांची अटही काढली. हा बदल दोन्ही शाखांमधील सर्व फॉर्मना लागू होईल, पुढे जायचे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो केलं. मग जितेश सरांना मेसेज टाकला की बदल मी केला आहे, मीटिंगमध्ये विचाराल त्याचं उत्तर मी देईन. सरांनी तो वाचल्याची खूण आली.

थोड्या वेळाने फॉर्म गेल्याचं साईराजने कळवलं. लीयाबाईंना आत नेलं होतं.

अनिताने तो फॉर्म उघडून पाहिला. सोबतच्या व्यक्तीचे नाव, बायजाबाई मोकल. पेशंटशी नाते, बायजा.

घाईत नावच दोनदा टाइप केलं असणार, असं वाटून तिने साईराजला परत फोन लावला. तो म्हणाला, नाही मॅडम. आता काय लिहू, असं बायजाबाईंना विचारलं, तर त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. म्हणून मग लीयाबाईंनाच विचारलं, या तुमच्या कोण.

"त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. म्हणाल्या, कोण म्हंजे? बायजा हाय ती." मग त्याने विचारलं, "दुरुस्त करू का?"

"नको," अनिता म्हणाली. "कुठे आहेत त्या?"

"ऑपरेशनच्या दाराशी बसल्यात. लीयाबाईंची बांगडी काढून दिली ना सिस्टरनी, ती पिशवीत नाय ठेवली त्यांनी. हातात घालून बसल्यात."