छताच्या चार कड्या

सतरा वर्षांत आमच्या पिकअपवरच्या या घडीच्या खोलीनं एकदाही दगा दिला नाही. छत खांद्यानं वर रेटलं की घर. खाली दाबलं की आत जेमतेम वाकून बसण्याइतकी उंची; बाहेरून चार कड्या लावल्या की निघालो. पण यंदा नेवाडात प्रत्येक पंपावर एक कडी उघडी!

“तूच विसरतोस,” माझी बायको वर्ना म्हणाली. “वाऱ्यानं छत उडेल एक दिवस.”

“मी? मी विसरतो?” संतापून मी चारही कड्यांना कुलपं ठोकली.

पुढच्या पंपावर भर दुपारी उतरलो. कुलपं जागच्या जागी.

“बघ! आता बोल!”

तेवढ्यात छत आतून बोटभर उचललं गेलं, बसलं, पुन्हा उचललं गेलं. मी रेटतो, अगदी तसंच.

वर्नानं हात पुढे केला. “आण ती किल्ली. आत जो कुणी बसलाय, त्याची मान अवघडली असेल.”